सावलीतला फेरा आणि निळी रेघ

परवा एका वाचकाचा फोन आला. साठीचे गृहस्थ, बायपास झालेली. डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर चालायला सांगितलंय. म्हणाले, "पेपरवाले ना तुम्ही, गावातलं सगळं माहीत असतं. चिंचवडात सावलीतून चालायला जागा सांगा. उद्यानातल्या ट्रॅकवर गोल गोल फिरून डोकं गरगरतं, आणि रस्त्यावर गेलं की टँकर अंगावर येतात."

मी आधी निगडीची दुर्गाटेकडी सांगितली. झाडी दाट, हवा छान. ते म्हणाले, चढ नको. मग मी त्यांना आमच्या नदीकाठच्या फेऱ्याबद्दल सांगितलं. फोन ठेवला आणि जरा अस्वस्थ झालो. वाट सांगितली खरी, पण ती अशीच किती दिवस राहणार? म्हणून हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

तर फेरा असा. चिंचवडगावात मोरया गोसावींच्या मंदिराजवळच्या घाटावरून निघायचं. पवनेच्या काठाकाठाने जायचं, एका पुलावरून थेरगावच्या बाजूला उतरायचं, पलीकडच्या काठाने चालायचं आणि दुसऱ्या पुलावरून परत यायचं. वाटेत दोनतीनदा रस्त्यावर यावं लागतं, कारण कुठे भिंत आहे, कुठे राडारोड्याचा ढीग, कुठे नाला आडवा येतो. एकूण सव्वा-दीड तास. ह्या फेऱ्याला नाव नाही, पाटी नाही, कोणी उद्घाटन केलेलं नाही. पायांनी पडलेली वाट आहे. म्हशी, मासे धरणारी पोरं, कपडे धुणाऱ्या बाया आणि आमच्यासारखे ढेरी कमी करायला निघालेले लोक, सगळ्यांनी मिळून पाडलेली.

जंगल म्हणावं एवढं ते मोठं नाही, उगाच कशाला फुगवून सांगू. तुकड्यातुकड्यांनी झाडी आहे. करंज, उंबर, जांभूळ, बाभूळ, मधूनच एखादं वाळुंज. आणि सुबाभूळ, भरपूर सुबाभूळ. खाली एरंड, रुई, घाणेरी. पाण्याच्या कडेला पाणकणीस आणि लव्हाळा. पण एप्रिलात सकाळी नऊ वाजता मुख्य रस्त्यावरून ह्या झाडीत शिरा, मग कळेल मी काय म्हणतोय ते. घाम तोच असतो, पण अंगाची आग थांबते. करंजाची सावली तर इतकी गच्च की भर दुपारी खाली बसावं. चैत्रात त्याला पोपटी पालवी फुटते, ती बघायला मी मुद्दाम वाकडी वाट करतो.

आमच्यातले एक काका आहेत, एका कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लेथवर काम केलं, आणि झाडं मात्र अशी ओळखतात जशी भाच्यापुतण्यांची नावं घ्यावीत. त्यांनीच मला पक्षी दाखवायला सुरुवात केली. खंड्या सगळ्यांनाच माहीत असतो. वंचक माहीत नसतो. तो बगळाच, पण मातकट रंगाचा, काठावर असा बसतो की दगड वाटावा, उडाला की पांढरा शुभ्र. पाणकावळे बांधावर पंख वाळवत बसतात. हळदीकुंकू बदकांची जोडी असते. वीसेक वर्षं पत्रकारितेत काढली, पवनेवर शेकड्याने बातम्या केल्या, पण चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका असलेलं बदक आपल्या गावात राहतं हे मला पंचेचाळिशीत कळलं.

एकदा उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचा एक सुंदर पक्षी दिसला. दहाबारा होते. मी मोबाईल काढला. काका म्हणाले, "शेकाट्या. फोटो काढा, पण फार खूश होऊ नका." का? तर शेकाट्याला घाण पाणी चालतं. ज्या नदीत मासे, झिंगे, शिंपले संपतात, तिथे चिखलातले किडे खाणारे असे पक्षी वाढतात. पुणे भागात पक्षी बघणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणजे आपल्याला जी शोभा वाटते, ती एका अर्थाने तक्रारच आहे.

मासे धरणाऱ्यांना विचारा, तेही हेच सांगतात. पूर्वी मरळ, वाम, शिंगाडा मिळायचा. आता जाळ्यात येते चिलापी, आणि कधी मांगूर. दोन्ही आफ्रिकेतले, दोन्ही चिवट. त्या आफ्रिकन मांगूरवर तर सरकारने २००० सालीच बंदी घातली होती.

आता मूळ प्रश्न. एवढ्या महागड्या शहरात, जिथे गुंठ्याचा भाव ऐकून माणूस गप्प बसतो, तिथे नदीकाठी ही झाडी शिल्लक राहिलीच कशी?

कोणी राखली म्हणून नाही. राहिली ती एका रेघेमुळे. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर नदीच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा असतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराचं पाणी जिथवर पोहोचतं ती निळी पूररेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेघेच्या आत बांधकामाला परवानगी नाही. त्यामुळे बिल्डरला ती जमीन नको होती, शेती तर केव्हाच सुटली होती, आणि पालिकेला तिथे करण्यासारखं काही सुचलं नव्हतं. जमीन मोकळी पडली आणि झाडं आपली आपण आली. दुर्लक्षाचे दुष्परिणाम आपण नेहमीच लिहितो. हा एक बरा परिणाम.

अर्थात रेघ सगळीकडे पाळली गेली असं नाही. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेघेत ३६ बंगले उभे राहिले. प्रकरण हरित लवादात गेलं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि मे २०२५ मध्ये पालिकेने ते सगळे पाडले. लोकांची आयुष्याची पुंजी मातीत गेली. ज्यांनी प्लॉट पाडून विकले आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर भिंती चढत होत्या, त्यांचं काय गेलं, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता. असो. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहायला बसलो की माझा तोल जातो.

आता कोणी म्हणेल, पाणथळ जागांना कायद्याचं संरक्षण असतं ना? असतं. पाणथळ जागांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. पण त्यांत पाणथळ कशाला म्हणायचं याची व्याख्या वाचा. नदीचं पात्र त्यातून वगळलेलं आहे. नांदूरमधमेश्वर, लोणार, ठाण्याची खाडी ही महाराष्ट्रातली रामसर यादीतली ठिकाणं. त्यांच्याकडे निदान जगाचं लक्ष असतं. आपल्या पवनेकाठचं पाणकणीस मात्र वनखात्याच्या दृष्टीने वन नाही, नियमाच्या दृष्टीने पाणथळ नाही आणि उद्यान विभागाच्या दृष्टीने उद्यान नाही. ते जलपर्णी काढायच्या टेंडरात येतं तेवढंच.

ह्या बेवारस पट्ट्याला आता वारस मिळतोय. त्याचं नाव नदीसुधार.

पिंपरी-चिंचवडमधून तीन नद्या वाहतात. पवना मधोमध, साधारण २४ किलोमीटर. उत्तरेच्या कडेने इंद्रायणी, दक्षिणेच्या कडेने मुळा. तिन्हींचे सुधार प्रकल्प आखलेले आहेत. मुळेचं काम वाकड ते सांगवी ह्या टप्प्यात सुरू झालं. त्यासाठी पालिकेने २०२३ मध्ये २०० कोटींचे रोखेही काढले. त्या कामात पिंपळे निलखच्या बाजूला नदीकाठची झाडी तुटायला लागली तेव्हा लोक रस्त्यावर आले. तिकडे पुण्याच्या हद्दीत, राम-मुळा संगमावरच्या झाडीसाठी २०२५ च्या सुरुवातीला मोठा मोर्चा निघाला, लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या. मी पिंपळे निलखला गेलो होतो. एक शाळकरी मुलगी सुगरणीचं पडलेलं घरटं हातात घेऊन उभी होती. सगळे फोटोग्राफर तिच्याभोवती. ती कंटाळून म्हणाली, "माझा नको, झाडाचा काढा." झाड तिच्यामागे आडवं पडलेलं होतं.

मुळेवर जे चाललंय ते उद्या पवनेवर येणार. म्हणून आपण आजच नीट विचार केलेला बरा.

आणि नीट विचार करायचा तर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ती मला घरातच ऐकायला मिळाली. मी जेवताना तावातावाने काँक्रीटविरुद्ध बोलत होतो. बायको म्हणाली, "तुमचं जंगल तुम्हाला लखलाभ. मी एकटी गेलेय का तिथे कधी? संध्याकाळी सहानंतर तिथे बाटल्या फुटतात. मला दिवे पाहिजेत, बसायला बाक पाहिजे, आणि पाय घसरणार नाही अशी वाट पाहिजे. हे मागितलं की मी निसर्गाची शत्रू?"

मी गप्प. बरोबर बोलत होती ती. सकाळच्या आमच्या घोळक्यात बायका किती असतात, मोजून बघा. चारपाच, त्याही जोडीने आलेल्या. व्हीलचेअरवरचा माणूस तर तिथे जाऊच शकत नाही. नदीकाठ सगळ्यांचा आहे असं म्हणायचं आणि प्रत्यक्षात तो धडधाकट पुरुषांचा ठेवायचा, हे काही खरं नाही.

पण वाट पाहिजे म्हणून भिंत कशाला? बाक पाहिजे म्हणून करंज कशाला तोडायचा? प्रकल्पाची जी चित्रं छापून येतात ती बघा. स्वच्छ निळं पाणी, दगडी पायऱ्या, सरळ रेषेत लावलेली झाडं, सायकलवर हसरी माणसं. चित्रात नेहमी सकाळचे सात वाजलेले असतात. मे महिन्यातली दुपार कोणी काढत नाही.

आणि ते निळं पाणी येणार कुठून? सगळेजण साबरमतीचं उदाहरण देतात. अहमदाबादचा तो काठ मी पाहिलाय, देखणा आहे, २०१२ पासून लोकांसाठी खुला आहे. पण तिथल्या पात्रात दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणून सोडलेलं असतं. आपल्याकडे उलटं आहे. पवना धरण साडेआठ टीएमसीचं. त्यातून सोडलेलं पाणी नदीतून रावेतपर्यंत येतं, तिथे बंधाऱ्यावर शहरासाठी उचललं जातं, निगडीला शुद्ध होतं आणि आपल्या नळाला येतं. तेही नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड. रावेतच्या खाली चिंचवडला उन्हाळ्यात जे वाहतं त्यात आपण वापरून परत सोडलेल्या पाण्याचा वाटा मोठा. थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्यावर कधी फेस येतो, कधी मेलेले मासे तरंगतात, ते काय उगाच? २००१ ला ह्या शहराची लोकसंख्या १० लाख होती, २०११ ला १७ लाख. आता किती आहे ते जनगणना सांगेल, पण नाल्यांना ते आधीच कळलंय.

रावेतच्या वरचीही गोष्ट आहे. धरणातून थेट बंद पाइपने पाणी आणायची योजना होती. मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला, तिघे गेले. काम थांबलं. २०२३ मध्ये सरकारने त्यावरची स्थगिती उठवली. ते पाणी पाइपात गेलं तर धरणापासून रावेतपर्यंतच्या नदीत किती उरणार, हा हिशेब सुशोभीकरणाच्या कागदांबरोबर मांडला पाहिजे. पण पाइपची फाइल वेगळ्या खात्यात, फुलझाडांची वेगळ्या.

म्हणून माझं म्हणणं आहे की पैसा आधी नाल्यांच्या तोंडाशी लावा. प्रत्येक नाला सांडपाणी केंद्राला जोडला गेला का, ते केंद्र रात्रीही चालतं का, हे दाखवा. मग काठाकडे या.

काठाबद्दलचा मुद्दा पुराचाही आहे. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की मोरया गोसावींच्या मंदिरात पाणी शिरतं. जुलै २०२४ ला आपण पाहिलंच. चिंचवडकरांना त्याचं भय नसतं. पाणी येतं, दोन दिवस राहतं, जातं, गाळ धुतला जातो. जुन्या माणसांनी नदीला तिची जागा सोडली होती. पात्र दोन्ही बाजूंनी भराव टाकून आवळलं तर ते पाणी कुठेतरी जाणारच. नेदरलँड्स हा देश बंधारे बांधण्यात जगाचा गुरू. १९९३ आणि १९९५ ला तिथे नद्यांना पूर आले, १९९५ ला अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी काय केलं? बांध मागे सरकवले, पूरमैदानं खोदून खोल केली, नदीला जागा परत दिली. तीसेक ठिकाणी, हजारो कोटी खर्चून. ज्यांना भिंती बांधता येतात त्यांनी भिंती मागे घेतल्या, आणि आपण पुढे घेणार.

झाडांचा कायदाही समजून घ्या, कारण तो तुमच्या-माझ्या हातात असतो. महाराष्ट्राचा नागरी वृक्ष कायदा १९७५ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षांवरचं झाड 'हेरिटेज' धरलं जातं. झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. २०० किंवा त्याहून जास्त झाडं असतील तर प्रकरण राज्याच्या वृक्ष प्राधिकरणाकडे न्यायची तरतूद त्या दुरुस्तीत होती. तोडण्याआधी पेपरात जाहिरात द्यावी लागते, झाडावर नोटीस चिकटवावी लागते, आणि हरकतीसाठी सात दिवस मिळतात. सात दिवस म्हणजे किती? त्यात एक रविवार, एखादी सुट्टी, आणि जाहिरात छापलेली असते तुम्ही घेत नसलेल्या पेपरात. आमच्या धंद्यातली गोष्ट म्हणून सांगतो, अशा जाहिराती लोक वाचत नाहीत हे देणाऱ्यालाही माहीत असतं आणि छापणाऱ्यालाही.

वयाइतकी झाडं ही कल्पना कागदावर छान आहे. साठ वर्षांचं करंज तोडलं तर साठ रोपं. पण ती लागणार दूर कुठल्यातरी मोकळ्या माळावर. ह्या वाटेवर जी सावली होती ती इथे परत यायला अजून तीसचाळीस वर्षं. मला फोन करणाऱ्या गृहस्थांकडे तेवढी आहेत का? माझ्याकडेही नाहीत.

"पण निम्मी तर सुबाभूळ आहे, बाहेरचं झाड, तिचं काय कौतुक," हे उत्तर हमखास मिळतं. मान्य. सुबाभूळ पसरते, दुसऱ्याला वाढू देत नाही. मग तिच्या जागी हळूहळू उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज लावा. दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बदला. जेसीबीने एका आठवड्यात सपाट करून वर लॉन अंथरायची गरज नाही. आणि ह्या गावाला झाडं लावायचं शिक्षण बाहेरून घ्यायला नको. टेल्कोचा कारखाना आला तेव्हा तिथे उजाड माळ होता. सुमंत मुळगावकरांनी त्यावर झाडी उभी केली, तळं केलं, तिथे पक्षी यायला लागले. ट्रक बनवणाऱ्या माणसाला जे साठ वर्षांपूर्वी सुचलं ते नदी सुधारणाऱ्यांना का सुचू नये?

चालण्यासाठी पैसे नाहीत असंही नाही. निगडी-प्राधिकरणात पायी आणि सायकलने फिरता यावं म्हणून 'हरित सेतू' नावाचं काम आहे, त्यासाठी २०२५ मध्ये पालिकेने २०० कोटींचे हरित रोखे काढले. चांगली गोष्ट आहे. त्यातल्या अगदी थोड्या पैशात आमच्या फेऱ्यावर मुरमाची वाट होईल, नाल्यांवर लाकडी साकव होतील, जमिनीकडे तोंड केलेले मंद दिवे लागतील, दोन पहारेकरी आणि एक स्वच्छतागृह होईल. बायकोची मागणी पूर्ण, करंजही जागेवर. व्हीलचेअरसाठी निदान अर्धा किलोमीटर पक्का उतार करता येईल. हे मी एका अभियंत्याला बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, एवढ्या छोट्या कामाला कोण येणार?"

एक राहिलं. सकाळी सातच्या सुमाराला त्या करंजांखाली तुम्हाला पाचसहा तरुण पोरं झोपलेली दिसतील. लोक समजतात दारू पिऊन पडलेत. मीही एकदा बातमीच्या नादात विचारायला गेलो. तिसऱ्या पाळीवरून सुटलेली कंत्राटी पोरं होती. एका खोलीत आठ जण राहतात, पत्र्याचं छप्पर, दिवसा झोपायला जागा मिळत नाही कारण दुसऱ्या पाळीचे तिथे झोपलेले असतात. उन्हाळ्यात पत्रा तापतो. म्हणून ती इथे येतात, बूट उशाला घेऊन, दहापर्यंत. प्रकल्पाच्या चित्रात ती पोरं कुठेच नव्हती. मी नीट शोधली.

तर मंडळी, येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मोरया गोसावींच्या मंदिराजवळच्या घाटावर या. आपण सगळा फेरा चालू आणि प्रत्येक मोठ्या झाडाची नोंद करू: जात, बुंध्याचा घेर, फोटो आणि लोकेशन. शिंप्याकडची मोजायची फीत आणा, वही आणा, पाण्याची बाटली आणा आणि ती रिकामी झाल्यावर परत न्या. काका झाडं ओळखायला येणार आहेत. बायांनी जरूर या, वाट कुठे सुधारायची ते तुम्हीच दाखवायचं आहे. माझी बायको येणार आहे, हे तिने कालच जाहीर केलंय. पवनेकाठच्या कुठल्याही झाडावर चिकटवलेली नोटीस दिसली तर फोटो काढून मला लगेच पाठवा, तारीख दिसेल असा. सात दिवस त्या तारखेपासून मोजतात.